झाकपाक

आमच्या साडूंच्या घरी पाणी प्यायचं असेल तर आधी भिंत दाबावी लागते. नेमकी कुठे, ते घरच्यांनाच ठाऊक. बरोबर जागी दाबली तर एक फळी 'टक्' करून पुढे येते आणि आत फ्रिज असतो. चार बोटं डावीकडे दाबली तर इस्त्रीचं टेबल अंगावर येतं. मी दोनदा इस्त्रीचं टेबल झेललं आहे. तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना पाण्याची बाटली घेऊनच जातो.

साडूंना सगळे अण्णा म्हणतात. राहायला कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी ऑडिटची. म्हणजे ३४ वर्षं दुसऱ्यांनी झाकलेलं उघडं करण्यात गेली आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं झाकायला घेतलं. 'दिसायला नको' हे त्यांचं ब्रीद. वायर दिसायला नको, प्लग दिसायला नको, केरसुणी तर नकोच नको. पायपुसणंसुद्धा दाराशी नसून दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये असतं. पाय पुसायचे झाले की ते काढायचं, पुसायचे, घडी घालून परत आत. चिखलाचे पाय घेऊन एवढं सगळं कोण करणार? त्यामुळे चिखल घरभर होतो, पण पायपुसणं दिसत नाही.

अशी माणसं हल्ली प्रत्येक सोसायटीत एक-दोन तरी निघतात. त्यांचं एक दुःख असतं, ते आपण समजून घेतलं पाहिजे. वस्तू उत्तम लपवली की ती कुणाला दिसत नाही, आणि दिसली नाही तर आपण ती किती उत्तम लपवली आहे हे लोकांना कळणार कसं? म्हणून मग पाहुणा टेकायच्या आत अण्णा त्याला उठवतात. "सांगा बघू, वॉशिंग मशिन कुठंय?" पाहुणा बिचारा इकडे-तिकडे बघतो, संकोचानं बाल्कनीकडे बोट दाखवतो. अण्णा खूश. "तुम्ही टेकलायत त्याच्या पाठीमागे!" असं करत सगळं घर उघडून दाखवायचं, मग सगळं घर पुन्हा बंद करायचं. चहा येईपर्यंत पाऊण तास जातो.

स्वयंपाकघर मात्र बरीच वर्षं या झाकपाकीतून सुटलं होतं, कारण तिथे ताईंची सत्ता. ताई म्हणजे माझी मेव्हणी. काळ्या कडाप्प्याचा ओटा, वर फळीवर डबे, भिंतीवरून डोळ्यांच्या उंचीवर गेलेला पिवळा गॅसचा पाइप आणि त्या पाइपला अडकवलेली चहाची गाळणी. पूर्वी ओट्याखाली लाल सिलिंडर असायचा. मग पाइपचा गॅस आला, खिडकीशेजारी मीटर बसला, सिलिंडर गेला. तो असताना हवा खेळावी म्हणून खालच्या दाराला पाडलेली जाळी तेवढी राहिली. पाइपचा ताईंना काही त्रास नव्हता. गाळणी हाताशी येत होती. अण्णांना मात्र तो पाइप जेवताना समोर दिसायचा. "वरणभात खातोय की कारखान्यात बसलोय?" असं ते दर चार दिवसांनी विचारायचे. शेवटी ताई एकदा महिनाभर लेकीकडे बंगळूरला गेल्या आणि अण्णांनी ओटा फोडला.

काँट्रॅक्टर मिळाला तो 'होऊन जाईल' जातीचा. त्याला काहीही विचारा. खिडकी दोन फूट सरकेल का? होऊन जाईल. बीम थोडा तासता येईल का? होऊन जाईल. गॅसचा मीटर आणि पाइप कपाटाच्या आत घ्यायचाय, होऊन जाईल का? इथे तो थोडा थांबला म्हणतात. "त्याला गॅसवाल्यांकडे अर्ज करावा लागतो साहेब. त्यांची माणसं येणार, बघणार, पैसे भरा म्हणणार. त्यापेक्षा आपला प्लंबर आहे ना!" आणि ज्या अण्णांनी आयुष्यभर सव्वा रुपयाच्या व्हाउचरला पावती नाही म्हणून लोकांच्या फायली रोखून धरल्या, ते अण्णा म्हणाले, "बघा मग तुम्हीच." यात मला तरी विसंगती वाटत नाही. नियम ही दुसऱ्याच्या फायलीत शोधायची वस्तू आहे, अशीच त्यांची नोकरीतली समजूत होती.

प्लंबर हातखंडा होता, पण पाण्याचा. पाण्याच्या पाइपाला आटे पाडायचे, सफेदा लावायचा, धागा गुंडाळायचा, पान्ह्यानं आवळायचं आणि भिंतीत गाडून वर टाइल मारायची. चुकलं तर महिन्याभरात भिंतीला ओल येते, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात, चूक कळते. गॅस चुकला तर काय ओलं होणार? खालच्या मजल्यावरचे तरी कशाला येतील? पण हा विचार त्या वेळी कुणी केला नाही. मीटर एका उंच कपाटात बंद झाला. तिथून शेगडी लांब पडत होती, म्हणून नारिंगी रबरी नळीचे दोन तुकडे एकमेकांना जोडून, फळ्यांना भोकं पाडून, भिंतीतल्या ओव्हनच्या पाठीमागून ती शेगडीपर्यंत नेली. व्हॉल्व्हही त्या ओव्हनच्याच मागे गेला. सगळं झाल्यावर समोर पांढरीशुभ्र सपाटी. एक मूठ नाही, एक कडी नाही, एक फट नाही. दाबलं की उघडणारी एकवीस दारं, सगळी एकसारखी. वर कौतुकाची गोष्ट म्हणजे, दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो.

ताई परत आल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी गाळणी कुठंय?"

नव्या काचेच्या शेगडीवर पहिल्याच दिवशी दूध ठेवलं. ज्योत समईसारखी. दुधावर साय धरली, उतू काही गेलं नाही. तासाभरानं अण्णा म्हणाले, "मंद आचेवर आटवलेलं दूध पचायला हलकं." खरा प्रकार असा होता की दुकानातून आलेली शेगडी सिलिंडरच्या गॅसची होती. सिलिंडरमधला गॅस ताकदीचा, त्याला बर्नरखालच्या जेटचं भोक बारीक लागतं. पाइपच्या गॅसला तेच भोक मोठं लागतं, जेटच बदलावे लागतात. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, "सुई घालून भोक वाढवून देतो." ताईंनी शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या सुया मोजून कुलपात ठेवल्या.

आता त्या रविवारचं सांगतो, कारण मी तिथे होतो.

सकाळी साडेदहाची वेळ. मी आणि आमची ही, दोघं पोह्यांना गेलेलो. ताईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थबकल्या. "वास येतोय." आम्ही नाक वर केलं. येत होता. कुजका, उग्र, अगदी गॅसचा येतो तसा. बायकोचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला, तशा ताई ओरडल्या, "बटणाला हात लावू नकोस! खिडकी उघड!" ठिणगी पडायला बटण पुरतं. आणि लावूही नये, बंदही करू नये, जसं असेल तसं राहू द्यावं, हे ताईंना कुठल्याशा महिला मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलेलं पक्कं लक्षात होतं. मग त्या म्हणाल्या, "अहो, व्हॉल्व्ह बंद करा."

अण्णा पुढे झाले. एक दार दाबलं. आत मिक्सर, आणि दिवा लागला. दुसरं दाबलं. दळणाचे डबे, दिवा लागला. तिसरं दाबलं तर देव. देवांच्या मागे दोन दिवे. बटणाला हात लावायचा नाही म्हणून ताई जीव तोडून सांगताहेत आणि हे गृहस्थ दर दाराला एक दिवा लावत चालले आहेत! "अहो, थांबा!" म्हणून ताईंनी त्यांचा सदरा मागून धरला. सदऱ्यासकट अण्णांना जिन्यात आणलं. आम्ही दोघं मागोमाग. खाली उतरून गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरला फोन केला. पोहे राहिले.

अर्ध्या तासात एक पोरगा मोटरसायकलवर आला. बोलण्यावरून बार्शीकडचा वाटला. खांद्याला पिशवी, हातात वास हुंगणारं यंत्र. घरात शिरला, यंत्र छतापाशी नेलं, ओट्यापाशी नेलं. यंत्र गप्प. "व्हॉल्व्ह कुठं हाय काका?" "आहे ना," म्हणून अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. ओव्हनचे चार स्क्रू काढायचे, ओव्हन दोघांनी धरून बाहेर ओढायचा, मग हात कोपरापर्यंत आत घालायचा. पोरगा घड्याळाकडे बघत होता. "सात मिनिटं लागली काका. तेवढ्या वेळात मी बार्शीला फोन करून, सगळ्यांची खुशाली विचारून, ठेवला असता."

गॅस कुठेच नव्हता. मग तो खाली वाकला, नाक फिरवलं आणि विचारलं, "काकू, कांदे कुठं ठेवता?"

"टोपलीत. ही काय समोर."

"आनि दुसरे?"

दुसरे कोपऱ्यातल्या गोल फिरणाऱ्या कप्प्यात होते. हा कप्पा अण्णांनी ताईंना वाढदिवसाला अचानक दाखवायचा म्हणून गुपित ठेवला होता. त्यात रिकामं वाटू नये म्हणून आधीच पाच किलो कांदे भरून ठेवले होते. वाढदिवस तीन आठवड्यांनी होता. कांद्यांनी तेवढी वाट पाहिली नाही.

ताईंच्या नाकाला मात्र दोष देता येणार नाही. गॅसला मुळात वास नसतोच. गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन जातीचं द्रव्य थेंबाथेंबानं मिसळतात. त्यात गंधक असतं आणि सडक्या कांद्यातल्या वासातही गंधकाचेच भाऊबंद. या वासामागची हकिकत हसण्यासारखी नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघराच्या पोकळीत गॅस साठला. वास नव्हता, कुणाला कळलं नाही. एका यंत्राच्या ठिणगीनं शाळा उडाली आणि जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला. जे दिसत नाही त्याला निदान नाकाला तरी कळू द्या, एवढाच त्यातला अर्थ. अण्णांच्या ब्रीदाच्या हे अगदी उलट होतं.

कांद्यांची पिशवी खाली गेली. आम्हाला वाटलं सुटलो. पण पोरानं आता उंच कपाट उघडलं होतं आणि तो मीटरकडे बघत उभा होता, एखाद्या पाहुण्याच्या घरी आपली हरवलेली चप्पल दिसावी तसा.

"ह्यो हितं कुणी आनला?"

अण्णा म्हणाले, "कपाटाला हवा आहे. खाली जाळी ठेवलेली आहे. बघा."

"ती शिलिंडरची जाळी काका. शिलिंडरचा गॅस हवेपरीस जड, तो खाली बसतो, म्हनून जाळी खाली. ह्यो गॅस हलका. ह्यो वर जातो. वर तर तुमी लाकडानं चेपलंय. म्हनजे गळला तर निघनार कुठनं?"

अण्णा वर बघू लागले. मीही बघू लागलो. आम्ही दोघंही जन्मभर 'गॅस' या एकाच शब्दावर भागवत आलो होतो. दोन गॅस असतात आणि त्यांच्या चालण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात हे साठीनंतर कळत होतं. हा हलका गॅस हवेत शेकडा ५ ते १५ इतका मिसळला की त्याला ठिणगी पुरते. मोकळ्या खोलीत तेवढा साठायला वेळ लागेल. बंद कपाटात कितीसा लागणार? आणि त्या कपाटात दार उघडलं की लागणारा दिवा.

मग त्यानं नळी बाहेर ओढायला घेतली. ती येतच राहिली, येतच राहिली, जत्रेतल्या जादूगाराच्या तोंडातून रुमाल येतात तशी. मध्ये जोड, त्यावर तारेचा पीळ. "नळी दीड मीटरच्या वर नको. जोड तर नकोच. फळीतनं, भिंतीतनं न्यायची नाही. नळी डोळ्याम्होरं पायजे, तिच्यावरची तारीख वाचता आली पायजे." त्यानं एका तुकड्यावरची छापील तारीख अण्णांना दाखवली. अण्णांनी चष्मा लावून वाचली. पाच वर्षं कधीच उलटून गेली होती. प्लंबरनं कुठल्या तरी जुन्या कामातली उरलेली नळी वापरली होती. मला वाटतं, अण्णांना खरा धक्का इथे बसला. कपाट, जाळी, हवा या गोष्टी ठीक आहेत. पण मुदत संपलेला कागद? आणि तो त्यांच्या स्वतःच्या फायलीत?

पोरानं पुरवठा बंद केला, कागदावर लिहिलं, अण्णांची सही घेतली. जाता जाता अण्णांनी बाथरूमच्या वर, फॉल्स सीलिंगच्या आत, गॅसचा गीझर बसवण्याचा बेत हळूच त्याच्या कानावर घातला. तो जिन्यातून परत वर आला. "काका, त्याचा धूर कुठं जानार? त्यातनं निघतो त्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासबी नसतो." मग ताईंकडे वळून म्हणाला, "काकू, ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवा."

नऊ दिवस ताईंनी इंडक्शनवर काढले. कढई त्यावर चालेना, भाकरी फुगेना, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नऊ दिवस बोलल्या नाहीत म्हणजे किती बोलल्या असतील, हे ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना कळेल. अण्णांनी अर्ज केला, पैसे भरले, पावती घेतली. पावती मिळाल्यावर चेहरा जरा उजळला.

काम करायला दोघं आले, त्यात तो बार्शीचाही होता. उंच कपाटाचं दार काढलं. भिंतीत मशिननं गोल भोक पाडलं आणि पाइप भिंतीला थेट न घासता आत एक मोठा पाइप घालून त्यातून नेला. क्लॅम्प मारून तो भिंतीवरून सरळ शेगडीपर्यंत आणला. व्हॉल्व्ह ओट्याच्या वर, ताईंच्या उजव्या हाताशी. "दांडी पाइपाच्या रेषेत, म्हनजे चालू. आडवी, म्हनजे बंद. अंधारात हातानं चाचपून कळतं." शेगडीचे जेट बदलले. मग एका वाटीत साबणाचं पाणी करून ब्रशनं प्रत्येक जोडाला लावलं. आम्ही सगळे एकेका जोडाशी वाकून बघत होतो, बारशाला पाळण्यात वाकतात तसे. एका एल्बोपाशी एक बारीक फुगा आला, फुगला, फुटला. पुन्हा आला. पोरानं तो जोड उकलला, नव्यानं टेप गुंडाळून आवळला, पुन्हा फेस लावला. फुगा आला नाही.

शेवटी त्यानं पिशवीतून यू आकाराची काचेची नळी काढली, तिच्यात पाणी होतं. पाइपाला जोडल्यावर पाणी एका बाजूला चढलं, दुसऱ्या बाजूला उतरलं. दोन्हींत फरक साधारण एका वितीचा. "एवढाच दाब?" अण्णा जरा खट्टूच झाले. एवढाच. २१ मिलिबार, म्हणजे वीतभर पाण्याचं वजन. एवढ्या दाबावर पुण्यातल्या हजारो घरांतला वरणभात शिजतो. मग व्हॉल्व्ह बंद केला आणि पाण्याच्या पातळीशी खडूनं खूण करून सगळे गप्प बसले. गळती असेल तर पाणी सरकतं. अण्णा खुर्ची ओढून नळीसमोर बसले. मांडीवर वही. दर मिनिटाला आकडा लिहीत होते. पंधरा मिनिटं आकडा तोच. मी त्यांना इतकं सुखी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. पंधराव्या मिनिटाला त्यांनी वहीत खाली दोन रेघा मारल्या, मधोमध बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "जुळलं."

पाइप पुन्हा जेवताना समोर दिसतो. पिवळा, डोळ्यांच्या उंचीवर, पूर्वीपेक्षा चार इंच खालीच आहे. भिंतीच्या रंगाचा देऊ का, असं अण्णांनी विचारून पाहिलं. रंग द्या, पण लपवू नका, असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांचा रंगातला रस गेला. मीटरच्या कपाटाला आता दार नाही, फक्त वर आणि खाली जाळीची चौकट. पाहुणे आले की अण्णा अजून उठवतात. वॉशिंग मशिन, फ्रिज, इस्त्रीचं टेबल असं करत स्वयंपाकघरात आणतात. "सांगा बघू, गॅसचा मीटर कुठंय?" पाहुणा लगेच बोट दाखवतो. अण्णा काही न बोलता पुढच्या खोलीत निघून जातात.

राहिली गाळणी. पाइपावर काही लटकवायचं नाही, असं त्या पोरानं ताईंना हात जोडून सांगितलं. ताईंनी ऐकलं. म्हणून अण्णांनी सुताराला बोलावून ओट्याखाली खास गाळणीपुरता, दाबलं की उघडणारा एक कप्पा करून घेतला. म्हणजे दारं पुन्हा एकवीस. सुतार मुलखाला गेला आहे आणि अण्णांना जागा नीट आठवत नाही. चहा सध्या फडक्यातून गाळतात.